पान एकेचाळीसची शेवटची ओळ

सकाळी पावणेआठला दूध वर येऊ लागले की बाई गॅस बंद करत, हात पुसत आणि नवऱ्याच्या डोळ्यांत थेंब घालायला बाहेरच्या खोलीत येत. औषधे दोन होती, एक निळ्या टोपणाचे आणि एक पिवळ्या. दोहोंमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवा, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. ती पाच मिनिटे त्यांचे यजमान मान मागे टाकून, डोळे मिटून खुर्चीत बसून राहत आणि बाई तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याची बटणे लावत. बटणे सहा. पहिल्या तीन बटणांपर्यंत यजमान गप्प असत, चौथ्याला म्हणत, "हे मी लावतो." मग त्यांची बोटे बटण धरत, काज शोधत, थरथरत, आणि बाई खिडकीबाहेर काहीतरी पाहण्यासारखे आहे अशा थाटात तिकडे बघत राहत. ही तीच बोटे होती जी एके काळी छापखान्यात लाकडी केसच्या खणांतून न बघता शिशाचे खिळे उचलत. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे, सगळे आरशातल्यासारखे उलटे वाचत ओळ जुळवत. छापखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे जुळारीच म्हणत.

"लागलं," जुळारी म्हणाले.

"लागलं," बाईही म्हणाल्या आणि पाचव्या काजात गेलेले चौथे बटण त्यांनी मुकाट्याने काढून नीट लावले. पिवळ्या टोपणाचे थेंब घातले. दुपारचे जेवण झाकून ठेवले, गोळ्यांच्या डबीतला आजच्या वाराचा कप्पा उघडून ठेवला, पाण्याचा तांब्या त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. डावा हात जास्त थरथरत असे.

दाराजवळच्या फळीवर चाव्यांशेजारी एक पुस्तक उभे असे. निळ्या कापडी बांधणीचे, कोपरे झिजलेले. ‘अलंकार आणि वृत्ते: विद्यार्थ्यांसाठी सोपे विवेचन’. बाईंनी सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेले आणि जुळाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी छापखान्यात एकट्याने बसून स्वतःच्या हातांनी जुळवलेले. आतल्या पानावर, लेखिकेच्या नावाखाली, छापखान्याच्या मालकाने कधी नव्हे ती परवानगी दिल्यामुळे, बारीक टाइपात ‘जुळणी’ असे लिहून जुळाऱ्यांचे नाव छापले होते. सगळ्या आयुष्यात त्यांचे नाव छापून आले ते तेवढे एकदाच. त्यानंतर पुस्तकाच्या तेवीस आवृत्त्या निघाल्या, पण नव्या जुळणीचा खटाटोप प्रकाशकाने कधी केला नाही. जुन्या पानांचे फोटो काढून तीच पाने पुन्हापुन्हा छापली गेली. ते नाव राहिले. आणि पान एकेचाळीसही, होते तसे राहिले.

पावणेनऊला बाई तपासणी केंद्रावर पोचल्या. दारातल्या टेबलावर फोन एका नंबर घातलेल्या कापडी पिशवीत टाकला, सही केली, वरच्या मोठ्या दालनात जाऊन खिडकीजवळची नेहमीची जागा घेतली. खिडकीचा उपयोग तसा काही नव्हता. बाहेरच्यांना आत दिसू नये म्हणून खालच्या काचा पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या होत्या, आणि वरच्या काचांतून आभाळाची एक पट्टी तेवढी दिसे. नऊला घंटा झाली. शिपायाने दाराची कडी बाहेरून लावली. आता एकच्या सुट्टीपर्यंत कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. साठ माणसे, लांब टेबले, दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे, आणि साठ लाल पेनांचा एक बारीक, न थांबणारा, पावसाळी किड्यांसारखा आवाज.

बाई नियामक होत्या. परीक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही त्यांच्याकडे पुन्हा येत. सगळ्या नव्हेत, ज्यांचे गुण उत्तीर्णतेच्या रेषेला नाक घासून थांबले आहेत त्या नेमाने. पस्तीसला पास. तेव्हा तेहेतीस आणि चौतीस गुणांचे सगळे नशीब या टेबलावरून जात असे.

शेजारी बसत ते एका खाजगी क्लासचे सर. सगळे केंद्र त्यांना ट्रिक सर म्हणे, आणि त्यांना ते नाव अभिमानाचे वाटे.

"बाई, पाहिलंत ना? प्रश्न तिसरा, ड," हात चोळत ते म्हणाले. "तुमचीच ओळ आलीय या वर्षी! माझी पोरं खूश. वर्गात एकच मंत्र दिलाय, ‘जणू, गमे, वाटे, भासे’ यातलं काही दिसलं की डोळे मिटून उत्प्रेक्षा. वाचत बसायचं नाही."

"डोळे मिटून," बाई म्हणाल्या.

"मिटूनच! उघडले की शंका येतात."

ओळ समोर होती. प्रश्नपत्रिकेत, ठसठशीत अक्षरांत: ‘धुके न वाटे मला, पिंजला कापुस कुणि हा दारी’. ‘पिंजला’पर्यंत सोळा मात्रा, पुढे बारा. बाईंनी ती एका थंडीच्या सकाळी, पुस्तक जवळजवळ संपल्यावर, दार उघडून दूध घ्यायला गेल्या तेव्हा सुचून लिहिली होती. शेजारी आदर्श उत्तरपत्रिकेत उत्तर होते: उत्प्रेक्षा. एक गुण.

ते चूक होते. कवी धुक्याला ‘जणू कापूस’ म्हणत असता तर ती उत्प्रेक्षा झाली असती. पण इथे तो धुके आहे हेच नाकारतो; हे धुके वाटतच नाही, हा कापूसच आहे, असे ठासून सांगतो. खरे लपवायचे, नाकारायचे, आणि त्याच्या जागी दुसरेच उभे करायचे, याला अपन्हुती म्हणतात. अपन्हुती या शब्दाचा अर्थच मुळी लपवणे. पुस्तकात ती ओळ अपन्हुतीचे पहिले उदाहरण म्हणून यायची होती. पण ‘अपन्हुती’ हा मथळा एका ओळीने खाली, पानाच्या अगदी तळाशी घसरला आणि पान एकेचाळीसवर ती वरच्या उत्प्रेक्षेच्या उदाहरणांत चौथी म्हणून जाऊन बसली. तीत ‘वाटे’ हा शब्द होता. त्यामुळे कोणाला खटकले नाही. सव्वीस वर्षांत दोघाचौघांना खटकले असेल तर त्यांनी बाईंचे नाव पाहून स्वतःलाच गप्प केले असेल.

बाईंना मात्र पहिल्याच दिवशी खटकले होते. जुळारी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून पहिली प्रत घरी घेऊन आले, पाय न धुताच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "उघड. एक चूक काढून दाखव." बाईंनी उघडले. पान एकेचाळीसपाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पान उलटले आणि म्हणाल्या, "एकही नाही."

दुसऱ्या आवृत्तीत सांगू, असे तेव्हा ठरवले होते.

साडेअकराच्या सुमारास चौतीस गुणांची एक उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे आली. मुलगा की मुलगी, कळायला मार्ग नव्हता; नुसता क्रमांक होता. अक्षर गोल, जपून काढलेले, प्रत्येक शिरोरेषा शब्दाच्या शेवटापर्यंत नेलेली. लिहिण्याचा वेग इतका कमी की निबंधाचे पान कोरेच राहिले होते आणि पत्र ‘आपला विश्वासू’पर्यंत पोचलेच नव्हते. जे लिहिले होते ते मात्र खरे लिहिले होते. प्रश्न तिसरा, ड. तिथे उत्तर होते: ‘अपन्हुती.’ आणि खाली, कोणी मागितलेले नसताना, तीन ओळी:

‘यात वाटे हा शब्द आहे, पण त्याच्या आधी न आहे. धुके नाकारले आहे. गाइडात उत्प्रेक्षा दिले आहे, पण मला ते पटत नाही.’

त्यावर परीक्षकाने लाल फुली मारून शून्य दिले होते.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. वेळ संपत आली असेल, निबंध व्हायचा असेल, आणि या मुलाने, या मुलीने, एका गुणाच्या प्रश्नापाशी थांबून तीन ओळी लिहिल्या होत्या. ‘मला ते पटत नाही.’ सव्वीस वर्षांत बाईंना असे कोणी सांगितले नव्हते. त्यांनीही कोणाला सांगितले नव्हते.

तशी एकदा सुरुवात केली होती. पुस्तकानंतरची पहिली दोन वर्षे त्या वर्गात सांगत, "ती ओळ खालच्या मथळ्यात घ्या." मुले वहीत तसे घेत, परीक्षेत तसे लिहीत आणि गुण गमावत, कारण तपासणारे बाईंचे पुस्तक उघडून तपासत. दुसऱ्या वर्षी एका मुलीचे वडील शाळेत येऊन बोलून गेले. त्यानंतर बाई वर्गात म्हणू लागल्या, "ओळ अपन्हुतीची आहे. परीक्षेत उत्प्रेक्षा लिहा." आणखी काही वर्षांनी पहिले वाक्य गळून पडले.

मुख्य नियामक दालनाच्या टोकाला, एका उंचवट्यावर बसत. चाळिशीचे, डोक्यावर थोडे टक्कल, आवाज हळू. ते बाईंचेच विद्यार्थी होते. ते वडील येऊन गेले त्याच्या पुढच्या वर्षीच्या वर्गातले. बाई उत्तरपत्रिका घेऊन गेल्या तसे ते उठून उभे राहिले.

"बसा हो बाई. बोलावलं असतं तर मीच आलो असतो."

"हे वाचा."

त्यांनी वाचले. दोनदा वाचले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले आणि लगेच विरले.

"हुशार आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आदर्श उत्तर चूक आहे."

"बाई, आदर्श उत्तराला आधार म्हणून काय जोडलंय ठाऊक आहे ना?" त्यांनी फाइल उघडून एक झेरॉक्स पुढे सरकवली. पान एकेचाळीस. शेवटच्या ओळीखाली कोणीतरी पट्टी लावून रेघ मारलेली. "तुमच्याच पुस्तकाचं पान आहे. आता तुमच्यापेक्षा मोठा आधार मी कुठून आणू? अलंकारात तुमच्यासारख्या तुम्हीच."

अनन्वय, बाईंच्या मनात आपोआप येऊन गेले. ज्याची तुलना दुसऱ्या कशाशीच होऊ शकत नाही त्याची तुलना त्याच्याशीच करायची. आजवर असे कोणी म्हटले की त्यांना बरे वाटे. आज प्रथमच वाटले की ते चारी बाजूंनी बांधलेल्या, दार नसलेल्या खोलीचे वर्णन आहे.

"ते पान चुकलंय," त्या म्हणाल्या. "मथळा घसरलाय. पहिल्या दिवसापासून."

मुख्य नियामकांनी झेरॉक्स परत फाइलीत ठेवली. मग खुर्ची पुढे ओढून आणखी खालच्या आवाजात म्हणाले, "मला माहीतय, बाई. तुम्हीच सांगितलं होतंत. आम्ही वहीत एक लिहिलं आणि पेपरात दुसरं."

"मग?"

"मग काय? मला तो मार्क मिळाला." ते हसले, पण बाई हसल्या नाहीत तसे गंभीर झाले. "हे बघा, उत्तर बदलायचं तर सगळ्या केंद्रांवरचा प्रत्येक गठ्ठा पुन्हा सोडायचा. निकालाची तारीख जाहीर झालीय. आणि लेखी द्यावं लागेल, ‘विसंगती नोंद’. नुसतं ‘उत्तर चूक’ म्हणून चालत नाही, आधार का चूक ते लिहावं लागतं. म्हणजे तुम्ही तुमच्या सहीनं लिहिणार की तुमचं पुस्तक सव्वीस वर्षं मुलांना चुकीचं शिकवतंय. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. शाळेत सत्काराची तयारी चाललीय. कशाला?"

"आणि ही?" बाईंनी उत्तरपत्रिकेवर बोट ठेवले.

"निबंध लिहिला असता तर पास झाली असती की. किंवा झाला असता." त्यांनी फाइल मिटली. "रागावू नका. एका मार्कासाठी तुमची अशी बदनामी माझ्या हातून व्हावी, असं मला नको आहे. उद्या गठ्ठे परत जातील. तोवर ही तुमच्याकडेच ठेवा. उद्या शून्यच ठेवून सही करा, विषय संपेल."

बाई जागेवर परतल्या. ट्रिक सर मान वाकडी करून बघत होते.

"काय झालं बाई? कुणाची वकिली?"

"तुमच्या मंत्राकडे एकानं डोळे उघडून पाहिलंय."

"मग गेलाच तो कामातून!" ट्रिक सर हसले, आणि गठ्ठ्यावर गठ्ठा चढवू लागले.

बाईंनी त्या दिवसात आणखी एकोणचाळीस उत्तरपत्रिका पाहिल्या. एका गुणाची गोष्ट किती क्षुल्लक, हे स्वतःला पटवायचा प्रयत्न करून पाहिला. पण मन पुन्हापुन्हा एकाच जागी येऊन ठेचकाळत होते. लेखी द्यायचे तर मथळा का घसरला हे लिहावे लागणार. मग ‘जुळणी’ या शब्दापुढचे नाव कोणाचे, हे वाचणारे वाचतील. आणि घरी, खुर्चीत बसून सहा बटणांपैकी एक लावणाऱ्या माणसाला कळेल की त्याने एकुलत्या एका पुस्तकात केलेली एकुलती एक चूक त्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, आणि तरीही ती ‘एकही नाही’ म्हणाली होती. दालनातला उकाडा वाढत होता. वरच्या काचांतली आभाळाची पट्टी पांढरी होत गेली, मग पिवळट. साडेपाचला घंटा झाली आणि बाहेरून कडी निघाल्याचा आवाज आला, तरी बाईंना दार उघडले आहे असे काही वाटेना.

घरी आल्या तेव्हा उजेड अजून होता. जुळारी खिडकीशी बसून रेडिओ ऐकत होते. सकाळी लावलेले बटण जागच्या जागी होते. बाईंनी पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या, आणि फळीवरचे निळे पुस्तक काढून त्यांच्यासमोर बसल्या.

"अहो, रेडिओ बंद करा जरा."

"बातम्या आहेत."

"बातमी मीच आणलीय."

जुळाऱ्यांनी चाचपडत बटण फिरवले. बाईंनी पुस्तक उघडले नाही. मांडीवर धरून म्हणाल्या, "पान एकेचाळीस."

जुळारी खिडकीकडे तोंड करून बसले होते. ते तसेच बसून राहिले. पण त्यांचा डावा हात, जो कधीच स्थिर नसे, तो एकदम खुर्चीच्या दांडीला घट्ट धरून राहिला.

"शेवटची ओळ ना?" ते म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"गॅलीचा पहिला छाप काढला तेव्हाच. शाई ओली होती अजून." जुळारी हळूहळू वळले. "मी तुझं हस्तलिखित परत काढून बघितलं. ती ओळ तू मागाहून घातली होतीस, आठवतंय? समासात, आडवी, बारीक अक्षरात. आणि आत घ्यायला एक बाण काढला होतास."

बाईंना ते आठवत नव्हते. मग आठवले. दुधाचे पातेले एका हातात, पेन दुसऱ्या हातात, उभ्याउभ्या.

"तो बाण," जुळारी म्हणाले, "मथळ्याच्या रेघेवर येऊन टेकला होता. बरोब्बर रेघेवर. वर म्हणावं तर वर, खाली म्हणावं तर खाली. मी वर घेतली."

"विचारलं का नाहीत?"

"विचारणार होतो. संध्याकाळी घरी आलो, तर तू वह्या तपासत बसली होतीस. मनात आलं, ही एवढी शिकलेली, आणि मी हिला विचारू की बाई गं, तुझा बाण कुठं जातो? मला त्यातलं काही कळत नाही हे उघडं पडायचं. म्हटलं, वाचून बघू. वाचली ओळ. ‘वाटे’ आहे, वरच्या तिन्हींतही ‘वाटे’ आहे. लावली वर. गॅलीत सगळं सलग वाचलं तेव्हा तो ‘न’ दिसला, पण विचारायची लाज तशीच राहिली." त्यांनी श्वास घेतला. "पुस्तक आणून तुला म्हटलं, चूक काढून दाखव. म्हटलं, काढलीस तर सांगून टाकू. तू म्हणालीस, एकही नाही. मग मी समजलो, तुझ्याच मनात ती वर होती. चूक तुझी आहे आणि तुला कळलेली नाही. तुझं नाव होऊ लागलं होतं. मी कशाला सांगू?"

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं मी तुला सांभाळून घेतलं," जुळारी म्हणाले, आणि त्यात थोडी फुशारकी होती.

"आणि मी तुम्हाला," बाई म्हणाल्या.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. आधी जुळाऱ्यांना हसू फुटले, खोकल्यासारखे, मग बाईंना. बाई हसता हसता थांबल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी होते, आणि ते पुसण्यासाठी त्यांनी पदर उचलला तसे जुळारी म्हणाले, "पाच मिनिटं थांब, मग पिवळ्या टोपणाचं घाल."

मग बाईंनी त्यांना उत्तरपत्रिकेबद्दल सांगितले. गोल अक्षर, कोरा निबंध, तीन ओळी. ‘मला ते पटत नाही’ हे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले. जुळाऱ्यांनी ते दोनदा म्हणायला लावले.

"चौतीस?"

"चौतीस."

"लेखी दिलंस तर त्यात जुळणी कोणाची ते येईल?"

"यायलाच हवं असं नाही. मी लिहीन, बाण माझा होता."

"खोटं लिहू नकोस," जुळारी म्हणाले. "बाण तुझा. वर घेतली मी. विचारलं नाही मी. पुढं बोलली नाहीस तू. हे सगळं एका ओळीत बसत नसेल तर दोन ओळी लिही." त्यांनी हात पुढे केला. "पुस्तक इकडे दे. लाल पेन दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना."

बाईंनी पान एकेचाळीस उघडून त्यांच्या मांडीवर ठेवले, खाली पाट दिला, पेन हातात दिले. जुळाऱ्यांनी चेहरा पानाच्या इतका जवळ नेला की नाक कागदाला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांनी त्यांच्या गॅलीवर केलेल्या खुणा त्यांनी पाहिल्या होत्या. स्वतः कधी केली नव्हती. त्यांनी शेवटच्या ओळीभोवती एक वेढा काढला. वेढा सरळ आला नाही, पाण्यात पडलेल्या दोऱ्यासारखा आला. मग तिथून एक बाण. तो निघाला, डळमळला, मथळ्याच्या रेघेपाशी आला. तिथे त्यांचा हात थांबला. बाईंनी हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. बाण रेघ ओलांडून स्पष्टपणे खाली गेला, ‘अपन्हुती’ या शब्दाच्या खाली, आणि तिथे टोक काढून थांबला.

"आता कुणी विचारायला नको, कुठं जातो," जुळारी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापले, निळ्या टोपणाचे थेंब पडले, पाच मिनिटांत पाच बटणे लागली आणि एक जुळाऱ्यांनी लावले. ते याही खेपेला चुकीच्या काजात गेले. बाई म्हणाल्या, "अहो, एक काज खाली गेलंय." जुळाऱ्यांनी ते काढले आणि पुन्हा लावले. त्यात बाईंची नेहमीची बस चुकली.

केंद्रावर पोचल्यावर त्या जागेवर न जाता सरळ उंचवट्याकडे गेल्या आणि ‘विसंगती नोंद’चा कोरा तक्ता मागितला. मुख्य नियामकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि खण उघडून तक्ता दिला. बाईंनी उभ्याउभ्याच भरला. प्रश्न क्रमांक. दिलेले उत्तर. योग्य उत्तर. आधार चुकीचा असल्याचे कारण. या रकान्याला तीन ओळींची जागा होती. त्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिले: ‘आधारग्रंथ माझा आहे. हस्तलिखितातील माझी खूण संदिग्ध होती. जुळणी करताना ओळ मथळ्याच्या वर गेली. दोघांच्याही पहिल्या दिवशीच लक्षात आले. दोघांनीही ते लपवले. ‘अपन्हुती’ असे उत्तर लिहिलेल्या सर्वांना गुण मिळावा. दुरुस्त केलेले पान सोबत जोडले आहे.’

पान त्यांनी पुस्तकातून पट्टी लावून काढून आणले होते. कापडी बांधणीतून ते सहज निघाले नव्हते.

मुख्य नियामकांनी नोंद वाचली, मग थरथरता लाल बाण बराच वेळ पाहिला.

"निकाल लांबेल," ते म्हणाले.

"लांबू दे."

"माझ्यावर येईल, बाई. कालच का कळवलं नाही म्हणतील."

"कालची तारीख घालू नका. आजचीच आहे."

त्यांनी टाचणी लावली, तारीख घातली, सही केली, पाकिटात घालून लाखेची मोहोर उठवली आणि मंडळाकडे जाणाऱ्या पेटीच्या फटीतून पाकीट आत सोडले. मग मान वर न करता म्हणाले, "तेव्हाचा माझा तो एक मार्क परत घेणार नाही ना?"

"व्याजासकट घेईन," बाई म्हणाल्या, "पण आत्ता घंटा होईल."

घंटा झाली. बाहेरून कडी लागली. ट्रिक सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि विचारले, "सकाळी सकाळी काय दिलंत पेटीत?"

"तुमच्या मंत्रातला एक ‘न’ राहिला होता," बाई म्हणाल्या.

ट्रिक सर विचारात पडले. त्यांनी प्रश्नपत्रिका ओढून घेतली, ओळ शोधली, आणि बऱ्याच वर्षांनी ती वाचू लागले.

बाईंनी गोल अक्षराची उत्तरपत्रिका पुढे घेतली. नोंदीखाली मुख्य नियामकांची सही पडल्यामुळे आता गुण बदलता येत होता, आणि त्याचा जबाब मंडळाला त्यांनाच द्यायचा होता. प्रश्न तिसरा, ड. बाईंनी शून्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी एक लिहिले, खाली आद्याक्षरे घातली. मग पहिल्या पानावर येऊन चौतीस खोडले, पस्तीस लिहिले, अंकी आणि अक्षरी, आणि अक्षरी लिहिताना शिरोरेषा शेवटापर्यंत नेली. पत्रिका मिटून डाव्या हाताच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि उजव्या हाताची पुढची ओढली.